बचावाचे सूत्रधार

अमेरिकन फुटबॉलच्या संघात मुख्य प्रशिक्षकाच्या खालोखाल दोन माणसांना मान असतो. एक आक्रमणाचा कारभार पाहतो, दुसरा बचावाचा. या दुसऱ्याला डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणतात. बचावाचा सूत्रधारच तो. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. ते साधले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही साधले तर चेंडू दुसऱ्याकडे जातो. दोन प्रयत्नांच्या मधल्या जेमतेम चाळीस सेकंदांत सूत्रधाराला समोर कोणते खेळाडू उतरले ते पाहायचे असते, किती यार्ड उरले ते लक्षात घ्यायचे असते, समोरचा प्रशिक्षक अशा वेळी सहसा काय करतो ते आठवायचे असते आणि आपल्या अकरा जणांना एक व्यूह सांगायचा असतो. एका सामन्यात असे साठ-सत्तर निर्णय होतात. त्यांमागे आठवडाभर पाहिलेल्या चित्रफिती असतात आणि वर्षभर खेळाडूंकडून घोटून घेतलेली शिकवण असते.

या माणसाच्या कामाचे मोल कसे करायचे, हा वाद पेशाइतकाच जुना आहे. संघ हरला की खापर त्याच्या डोक्यावर फुटते. जिंकला की श्रेय खेळाडूंचे, त्याच्या व्यूहाचे की त्याच्या शब्दाखातर जिवाचे रान करणाऱ्या माणसांच्या निष्ठेचे, हे कोणालाच नीट वेगळे काढता येत नाही.

पेशा जन्मला तो एका नियमातून. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेच अकरा खेळाडू आक्रमण करीत आणि चेंडू गेला की तेच बचावालाही उभे राहत. मैदानातला खेळाडू बदलण्यावर कडक बंधने होती. दुसऱ्या महायुद्धात तरुण सैन्यात गेले, संघांना माणसे पुरेनात, तेव्हा नॅशनल फुटबॉल लीगने म्हणजे एनएफएलने १९४३ मध्ये हवे तितके बदल करण्याची मुभा दिली. युद्धानंतर ती काही काळ आवळली गेली आणि १९५० मध्ये कायम झाली. मग आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे अशी विभागणी झाली. ज्यांना फक्त बचावच करायचा आहे, त्यांना फक्त बचावच शिकवणारा माणूस लागणार, हे ओघाने आले.

त्याच वर्षी या विद्येची गरजही ठळक झाली. पॉल ब्राऊन यांचा क्लीव्हलँड ब्राऊन्स हा संघ दुसऱ्या, बंद पडलेल्या लीगमधून एनएफएलमध्ये आला आणि पहिल्याच सामन्यात त्याने गतविजेत्या फिलाडेल्फिया ईगल्सला ३५–१० असे लोळवले. क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहमच्या हातून सुटणारे अचूक, वेळेत पोहोचणारे पास हे त्यांचे मुख्य हत्यार होते. जुन्या पद्धतीच्या बचावात सहा-सात जण पुढे दाटीने उभे राहत. धावणाऱ्याला अडवायला ते ठीक होते, फेकलेल्या चेंडूपुढे मात्र हतबल. न्यूयॉर्क जायंट्सचे प्रशिक्षक स्टीव्ह ओवेन यांनी त्यावर तोड काढली. पुढे सहा, मध्ये एक, मागे चार. आणि पुढच्या सहापैकी दोन टोकांच्या खेळाडूंनी कधी क्वार्टरबॅकवर धावून जायचे, कधी मागे सरकून पास अडवायचा. मागच्या चौघांची कमान उघडलेल्या छत्रीसारखी दिसे, म्हणून या व्यूहाला ‘अंब्रेला’ हे नाव मिळाले. १ ऑक्टोबर १९५० रोजी जायंट्सनी ब्राऊन्सना ६–० असे हरवले. ब्राऊन्सना एकही गुण न मिळण्याची ती त्या संघाच्या इतिहासातली पहिली वेळ होती.

ओवेन यांना बारकाव्यांत फारसा रस नव्हता. त्यांनी फळ्यावर ढोबळ आराखडा काढला आणि तो बाकीच्यांना समजावून देण्याचे काम मागच्या फळीतल्या एका खेळाडूने केले, असे सांगतात. त्या खेळाडूचे नाव टॉम लँड्री. महायुद्धात बी-१७ बाँबफेकी विमानाचा वैमानिक असलेला आणि इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग शिकलेला हा शांत टेक्सासी माणूस १९५४ मध्ये खेळता खेळताच जायंट्सच्या बचावाचा प्रशिक्षक झाला. त्या वेळी संघाचे मुख्य प्रशिक्षक होते जिम ली हॉवेल आणि आक्रमण सांभाळत होते व्हिन्स लोम्बार्डी. हॉवेल यांनी दोघांनाही मोकळा हात दिला. कोऑर्डिनेटर हा पेशा आज ज्या रूपात आहे, त्याचा पहिला स्पष्ट नमुना या संघात सापडतो.

लँड्री यांनी पुढे चार आणि त्यांच्या मागे तीन असा व्यूह पक्का केला. जुन्या व्यूहात पुढच्या रांगेच्या मध्यभागी जमिनीला हात टेकून बसणारा खेळाडू त्यांनी उठवून दोन पावले मागे उभा केला. हाच मिडल लाइनबॅकर. १९५६ मध्ये संघात आलेला सॅम हफ या जागेवर उभा राहिला आणि तीन वर्षांत ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. बचावपटूला असा मान तोवर क्वचितच मिळाला होता. व्यूहाच्या आकड्यांहून मोठी गोष्ट मात्र वेगळी होती. चेंडूमागे धावण्याची बचावपटूची उपजत ओढ लँड्रींनी मोडून काढली. प्रत्येकाने समोरच्या ठरावीक खेळाडूची हालचाल वाचायची, त्यावरून चाल ओळखायची आणि आपल्याला नेमून दिलेली वाट अडवून उभे राहायचे. चेंडू आपल्याकडे येईल याची वाट पाहणे धावण्याहून अवघड असते, कारण त्यासाठी शेजारच्या दहा जणांवर विश्वास लागतो. १९५६ च्या अंतिम सामन्यात जायंट्सनी शिकागो बेअर्सना ४७–७ असे हरवले. यँकी स्टेडियममधले प्रेक्षक बचावासाठी घोषणा देऊ लागले ते याच काळात. १९६० मध्ये लँड्री नव्या डॅलस काऊबॉइज संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २९ हंगाम तिथे राहिले.

सूत्रधाराची किंमत बाजाराला कळली ती १९६०च्या दशकात. १९६३ च्या विजेत्या बेअर्सचा बचाव जॉर्ज ॲलन यांनी उभा केला होता. त्या हंगामात १४ सामन्यांत बेअर्सनी फक्त १४४ गुण दिले आणि जायंट्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात पाच पास मधल्या मध्ये पळवले. विजयानंतर खेळाडूंनी सामन्याचा चेंडू ॲलन यांच्याच हाती दिला. १९६६ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सनी त्यांना मुख्य प्रशिक्षकपद देऊ केले, तेव्हा बेअर्सचे मालक-प्रशिक्षक जॉर्ज हॅलस कोर्टात गेले. करार आपल्या बाजूने आहे हे मान्य करून घेतल्यावर त्यांनी ॲलन यांना सोडले. एका सहायकासाठी खटला उभा राहतो, यातच त्या पदाचे वजन कळते.

पुढचे दशक दोन सूत्रधारांचे. मायामी डॉल्फिन्सचे बिल आर्न्सपार्गर आणि पिट्सबर्ग स्टीलर्सचे बड कार्सन. १९७२ मध्ये डॉल्फिन्स सतराच्या सतरा सामने जिंकले. असा पूर्ण अजिंक्य हंगाम एनएफएलमध्ये आजवर दुसऱ्या कोणाला साधलेला नाही. त्यांच्या बचावाला लोक ‘नो-नेम डिफेन्स’ म्हणत, कारण त्यात गाजलेली नावे थोडी होती. आर्न्सपार्गर यांनी बॉब मॅथेसन या ५३ क्रमांकाच्या लाइनबॅकरला पुढच्या रांगेत अशा ठिकाणी उभे केले की तो धावून येणार की मागे सरकणार, हे क्वार्टरबॅकला शेवटच्या क्षणापर्यंत कळू नये. सूत्रधाराची अक्कल गाजलेल्या नावांची उणीव किती भरून काढू शकते, याचा हा सर्वांत चांगला दाखला.

कार्सन यांच्याकडे मात्र नावांची कमतरता नव्हती. जो ग्रीन, जॅक लॅम्बर्ट, जॅक हॅम, मेल ब्लाउंट हे सगळे पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलच्या मानाच्या दालनात गेले. कार्सन यांच्या व्यूहात कडेचे बचावपटू म्हणजे कॉर्नरबॅक, पास झेलायला धावत निघणाऱ्या रिसीव्हरला सुरुवातीलाच धक्के देऊन त्याची लय बिघडवत आणि मग त्याला सर्वांत मागे उभ्या असलेल्या दोन सेफ्टींकडे सोपवत. चपळ लॅम्बर्ट मधली खोल जागा भरून काढी. १९७६ मध्ये पहिल्या पाचपैकी चार सामने हरल्यावर स्टीलर्सनी उरलेले नऊच्या नऊ जिंकले. त्या नऊ सामन्यांत मिळून त्यांनी २८ गुण दिले आणि पाच वेळा समोरच्याला शून्यावर ठेवले. लीगने १९७८ मध्ये नियमच बदलला: रेषेपुढच्या पाच यार्डांनंतर रिसीव्हरला हात लावायचा नाही. लोक त्याला ब्लाउंटचा नियम म्हणतात. प्रेक्षकांना गुण पाहायचे होते, हे कारण होतेच. पण एखाद्या बचावाने इतकी नाकेबंदी करावी की खेळाचेच नियम बदलावे लागावेत, याहून मोठी पावती कोणत्या सूत्रधाराला मिळणार?

आणि मग बडी रायन. या पेशाचा सर्वांत तेजस्वी आणि सर्वांत अवघड नमुना हाच. त्यांचा जन्म १९३१ मध्ये ओक्लाहोमात झाला आणि कोरियन युद्धात ते सार्जंट होते. १९६८ मध्ये ते न्यूयॉर्क जेट्समध्ये सहायक होते. तो संघ आपला क्वार्टरबॅक जो नेमथ याला मारापासून वाचवण्यासाठी जिवाचा आटापिटा करी. त्यावरून रायन यांनी उलटा धडा घेतला: ज्याला वाचवण्यासाठी एवढी धडपड चालते, तेच घाव घालण्याचे खरे ठिकाण. १९७८ मध्ये ते बेअर्सच्या बचावाचे सूत्रधार झाले.

१९८१ च्या अखेरीस बेअर्सचे मुख्य प्रशिक्षक जाणार हे उघड होते आणि प्रथेप्रमाणे सहायकही जाणार होते. तेव्हा गॅरी फेन्सिक आणि ॲलन पेज यांच्या पुढाकाराने बचावाच्या खेळाडूंनी मालक हॅलस यांना पत्र लिहिले: रायन आणि त्यांचे सहकारी आम्हाला हवेत. पेज पुढे मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. हॅलस यांनी खेळाडूंचे ऐकले आणि रायन यांना ठेवून घेतल्यावर मग माइक डिट्का यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. त्यामुळे डिट्कांना आपला बचावाचा सहायक स्वतः निवडता आला नाही आणि रायन यांनी आपण डिट्कांच्या मर्जीवर आहोत असे कधी मानले नाही. खेळाडूंच्या निष्ठेचा याहून सबळ पुरावा या पेशाच्या इतिहासात नाही. पुढच्या भांडणांचे बीही याच निर्णयात होते.

रायन यांचा व्यूह ‘४६’ या नावाने ओळखला जातो. हा आकडा खेळाडूंच्या मांडणीचा नाही. डग प्लँक या सेफ्टीच्या पाठीवरचा तो क्रमांक. मांडणी अशी: आक्रमणाच्या रांगेतला मधला खेळाडू आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दोघे, या तिघांच्या नाकासमोर बचावाचे तीन दांडगे खेळाडू उभे. त्यामुळे दोघांनी मिळून एकाला अडवण्याची आक्रमणाची नेहमीची युक्ती मध्यभागी चालेनाशी होते. एका टोकाला रिचर्ड डेंटसारखा वेगवान खेळाडू, दुसऱ्या टोकाला ओटिस विल्सन आणि विल्बर मार्शल हे दोन लाइनबॅकर एकाच बाजूला, मध्ये माइक सिंगलटरी, आणि एक सेफ्टीही पुढे. म्हणजे आठ जण चेंडूपाशी. आक्रमणाला अडवायला सहा-सात माणसे. कोण येणार आणि कोण थांबणार हे त्यांना कळत नाही, आणि एक तरी मोकळा सुटतोच. मोल द्यावे लागे ते मागे. कॉर्नरबॅक एकास एक, जवळजवळ उघड्यावर. क्वार्टरबॅकला तीन सेकंद मिळाले तर घात, पण तीन सेकंद मिळणारच नाहीत, हा या व्यूहाचा पाया होता.

क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणे म्हणजे सॅक. १९८४ मध्ये बेअर्सनी ७२ सॅक केले. एका हंगामाचा तो विक्रम होता. १९८५ चा हंगाम सुरू होताना टॉड बेल आणि अल हॅरिस हे दोन महत्त्वाचे बचावपटू कराराच्या वादावरून घरी बसले ते वर्षभर आलेच नाहीत. त्यांच्या जागा डेव्ह ड्युअरसन आणि विल्बर मार्शल यांनी घेतल्या आणि बचाव अधिकच धारदार झाला. १६ पैकी १५ सामने बेअर्सनी जिंकले, १९८ गुण दिले, ५४ वेळा चेंडू हिसकावला. नोव्हेंबरात त्यांनी डॅलसला ४४–० असे हरवले. समोरच्या बाकावर टॉम लँड्री होते. बाद फेरीत जायंट्स २१–०, रॅम्स २४–०. २६ जानेवारी १९८६ रोजी न्यू ऑर्लिन्समधल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, न्यू इंग्लंड पेट्रियट्स ४६–१० असे कोसळले. धावून मिळवलेले त्यांचे एकूण अंतर सात यार्ड होते.

रायन यांची माणसे घडवण्याची रीत कडक होती. नवख्या खेळाडूला ते नावाने हाक मारत नसत, पाठीवरच्या क्रमांकाने मारत; नाव कमवावे लागे. सिंगलटरीला त्यांनी सुरुवातीला पासच्या वेळी मैदानाबाहेर काढले, त्याच्या उंचीवरून आणि वजनावरून टोचून बोलले. तोच सिंगलटरी पुढे त्या बचावाचा मेंदू झाला. विल्यम पेरी या तगड्या नवोदिताला संघाने पहिल्या फेरीत निवडले, तेव्हा ही निवड वाया गेली असे रायन यांनी उघड सांगितले. वाचताना ही वागणूक निर्दय वाटते, आणि काही अंशी ती होतीच. पण ज्याने परीक्षा पार केली त्याच्यासाठी रायन मालकाशीही भांडत. सुपर बोलच्या आदल्या रात्री त्यांनी खेळाडूंचा निरोप घेतला, तेव्हा ते रडले आणि खोलीतले दांडगे खेळाडूही रडले. दुसऱ्या दिवशी सामना संपल्यावर बेअर्सच्या खेळाडूंनी डिट्का आणि रायन, दोघांनाही खांद्यावर उचलून नेले.

या नेतृत्वाचा दुसरा अर्धा भाग २ डिसेंबर १९८५ च्या रात्री मायामीत दिसला. त्या हंगामातला एकमेव पराभव तो. डॉल्फिन्सचे प्रशिक्षक डॉन शुला यांनी तिसरा रिसीव्हर नॅट मूर याला आतल्या बाजूला उभे केले. ४६ व्यूहात त्याच्यावर लाइनबॅकर किंवा सेफ्टी येई, त्याच्या वेगाशी जुळणारा कॉर्नरबॅक नाही. त्यांचा क्वार्टरबॅक डॅन मारिनो याचे हात इतके चपळ की चेंडू तीन सेकंदांच्या आत सुटत होता. पूर्वार्धातच मायामीचे ३१ गुण झाले. मूरवर जादा कॉर्नरबॅक लावा, असे डिट्का सांगत होते. रायन यांनी ऐकले नाही. मध्यंतरात दोघे हातघाईवर येण्याच्या बेतात होते. निकाल ३८–२४. डिट्कांचे म्हणणे डावपेचाच्या दृष्टीने बरोबर होते, यात शंका घ्यायला जागा नाही. आपल्या व्यूहावर आंधळी श्रद्धा ही रायन यांची ताकद होती आणि तीच त्यांची मर्यादा. खेळाडूंना त्यांनी एका कुटुंबासारखे बांधले, पण ते कुटुंब बचावाचे होते. संघाच्या दुसऱ्या अर्ध्याला त्यात जागा नव्हती.

सुपर बोलनंतर लगेच रायन ईगल्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि नियतीने मूल्यमापनाचा एक प्रयोगच मांडला. बेअर्समध्ये त्यांच्या जागी आलेले व्हिन्स टोबिन संयमी होते. ४६ हा त्यांनी नेहमीचा व्यूह ठेवला नाही, गरजेपुरता वापरला. मागच्या फळीला अधिक आधार दिला. खेळाडू बहुतेक तेच. १९८६ मध्ये बेअर्सनी १६ सामन्यांत १८७ गुण दिले, म्हणजे १९८५ पेक्षाही कमी. केवळ आकडे पाहणारा म्हणेल की रायन यांचे श्रेय फुगवलेले होते. पण त्या खेळाडूंना घडवले कोणी, सिंगलटरीला समोरचा व्यूह वाचायला शिकवले कोणी, हे आकडे सांगत नाहीत. शिवाय १९८६ चे बेअर्स बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात वॉशिंग्टनकडून २७–१३ असे हरले. आदल्या वर्षीच्या बाद फेरीत ज्या बचावाने दोन संघांना शून्यावर ठेवले, त्याची दहशत तेव्हा राहिली नव्हती. दुसरीकडे, बेअर्सचा क्वार्टरबॅक जखमी होता, हेही खरे.

फिलाडेल्फियात हाच प्रयोग पुन्हा झाला. रायन यांनी तिथे रेजी व्हाइट, जेरोम ब्राऊन, क्लाइड सिमन्स, सेथ जॉयनर यांचा जबरदस्त बचाव बांधला. पाच हंगामांत ४३ विजय, ३५ पराभव, एक बरोबरी आणि बाद फेरीतले तिन्ही सामने हरले. १९९० नंतर त्यांना काढले. १९९१ मध्ये त्या बचावाची सूत्रे आली ती पंधरा वर्षांपूर्वी पिट्सबर्गमध्ये गाजलेल्या बड कार्सन यांच्याकडे, आणि एकूण अंतर, धावून आणि पासवर दिलेले अंतर या तिन्ही मोजमापांत ईगल्स लीगमध्ये पहिले आले. माणसे रायन यांनी निवडली आणि पेटवली, शिस्त कार्सन यांनी आणली. त्या वर्षाचे श्रेय एकाच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल.

एकाच सामन्यातून सूत्रधाराची बुद्धी तपासायची असेल, तर २७ जानेवारी १९९१ चा पंचविसावा सुपर बोल पाहावा. बफेलो बिल्स आधीच्या सामन्यात ५१–३ असे जिंकून आले होते. ते चालींच्या मध्ये थांबतच नसत. जायंट्सचे सूत्रधार बिल बेलिचेक यांनी ठरवले की बिल्सच्या थर्मन थॉमसला धावू द्यायचे. पुढे दोन-तीनच दांडगे खेळाडू, मागे माणसांची गर्दी आणि झेल घेणाऱ्या प्रत्येकाला असे आदळायचे की पुढच्या वेळी त्याचा हात आखडता यावा. थॉमसने शंभर यार्ड काढले तर आपण जिंकू, असे त्यांनी खेळाडूंना सांगितले, तेव्हा धाव अडवण्याचा अभिमान बाळगणाऱ्या त्या खेळाडूंना ते पटायला जड गेले. थॉमसने १३५ यार्ड काढले. जायंट्स २०–१९ असे जिंकले. बिल्सची शेवटची किक बाजूने गेली. बेलिचेक यांचा तो आराखडा आज कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये आहे. लीगची अधिकृत क्रमवारी दिलेल्या यार्डांवर ठरते. त्या हिशेबात थॉमसची ती दौड बचावाचे अपयश ठरते. काय द्यायचे आणि काय द्यायचे नाही हे आधी ठरवणे, आणि आपल्या माणसांना त्यांच्या स्वभावाविरुद्ध वागायला राजी करणे, हे कौशल्य यार्डांत मोजता येत नाही.

नेतृत्वाच्या बाबतीत रायन यांच्या अगदी विरुद्ध टोकाला डिक लेबो. चौदा हंगाम ते डेट्रॉइटच्या मागच्या फळीत खेळले आणि ६२ पास पळवले. १९८०च्या दशकात सिनसिनाटीत त्यांना एका प्रश्नाने छळले: क्वार्टरबॅकवर जादा माणूस सोडला, म्हणजे ब्लिट्झ केला, की मागे भोक पडते, मग दडपणही आणायचे आणि मागेही सुरक्षित राहायचे कसे? याबाबत त्यांनी आर्न्सपार्गर यांच्याशी चर्चा केली होती. उत्तर सापडले ते ‘झोन ब्लिट्झ’ मध्ये. एका बाजूने लाइनबॅकर किंवा सेफ्टी धावून येतो, आणि त्याच क्षणी पुढच्या रांगेतला एखादा दांडगा खेळाडू उलट मागे सरकून पासच्या वाटेत उभा राहतो. क्वार्टरबॅकला जिथे मोकळी जागा दिसायला हवी तिथे कोणीतरी निघते. पिट्सबर्गमध्ये या विचाराला बहर आला. २००८ मध्ये लेबो यांच्या बचावाने गुण आणि यार्ड, दोन्हींत लीगमध्ये सर्वांत कमी दिले.

लेबो आवाज चढवत नसत. दर नाताळात ते खेळाडूंना एक जुनी नाताळची कविता संपूर्ण तोंडपाठ म्हणून दाखवत. २००७ मध्ये हॉल ऑफ फेमच्या शहरात सामना खेळायला जाताना पिट्सबर्गचे खेळाडू लेबो यांच्या जुन्या, ४४ क्रमांकाच्या जर्सी घालून गेले. त्यांच्या या प्रशिक्षकाला अजून तिथे जागा मिळालेली नव्हती. ती २०१० मध्ये मिळाली. धाक आणि माया या दोन्ही वाटांनी उत्तम बचाव उभा राहतो, हे या दोन माणसांनी सिद्ध केले. मायेची वाट अधिक टिकाऊ ठरली: रायन बेअर्समध्ये आठ हंगाम राहिले, लेबो पिट्सबर्गच्या दुसऱ्या खेपेत अकरा.

चांगला सूत्रधार चांगला मुख्य प्रशिक्षक होतोच असे नाही. मुख्य प्रशिक्षक म्हणून आर्न्सपार्गर यांनी जायंट्समध्ये ७ सामने जिंकले आणि २८ गमावले, लेबो यांनी सिनसिनाटीत १२ जिंकले, ३३ गमावले. लँड्री हा अपवाद. टोनी डंजी हा दुसरा. स्टीलर्समध्ये कार्सन यांच्या हाताखाली खेळलेल्या डंजी यांनी तोच व्यूह टँपा बे बकेनियर्सकडे नेला आणि सूत्रधार माँटी किफिन यांच्यासह त्याला नवे रूप दिले. डंजी यांना काढून टाकल्यानंतरच्या, २००२ च्या हंगामात त्यांच्याच बांधणीच्या बचावाने संघाला सुपर बोल जिंकून दिला.

धाकाची वाट किती घसरू शकते, हे न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या प्रकरणात दिसले. सूत्रधार ग्रेग विल्यम्स यांच्या काळात, २००९ ते २०११, प्रतिस्पर्ध्याला जखमी करणाऱ्या टकरींसाठी खेळाडूंना पैसे देण्याची सोय चालू होती, असा निष्कर्ष लीगने काढला. २०१२ मध्ये विल्यम्स बेमुदत निलंबित झाले. सेंट्सनी त्याच काळात सुपर बोल जिंकला होता. बचावाचे आकडे पाहणाऱ्याला त्यात काही वावगे दिसले नसते. म्हणूनच सूत्रधाराचे मूल्यमापन करताना त्याने आपल्या माणसांना काय करायला शिकवले, हा प्रश्न गुणफलकाच्या आधी यायला हवा.

२००८ पासून बचावाच्या एका खेळाडूच्या शिरस्त्राणात रेडिओ बसवायला परवानगी मिळाली आणि सूत्रधाराचा आवाज थेट मैदानात पोहोचू लागला. चालीसाठीच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो बंद होतो. त्यानंतर काय घडते ते खेळाडूंच्या शिक्षणावर असते. मोजमापेही सूक्ष्म झाली: प्रत्येक चालीचे त्या वेळच्या परिस्थितीनुसार मोल, समोरचा संघ किती बलवान, हे सगळे आता हिशेबात धरले जाते. तरी मूळ गुंता सुटलेला नाही.

ताजा दाखला पुन्हा फिलाडेल्फियाचाच. २०२३ मध्ये ईगल्सचे सूत्रधार होते शॉन देसाई, व्हिक फँजियो यांच्या हाताखाली शिकागोत तयार झालेले. फँजियो यांचा व्यूह म्हणजे मागे दोन सेफ्टी खोल ठेवून लांब पास बंद करायचे, जादा माणसे पुढे न सोडता क्वार्टरबॅकला संभ्रमात ठेवायचे आणि छोट्या यार्डांचे दान देत त्याचा संयम तपासायचा. देसाईंनीही तीच वाट धरली. संघाने पहिल्या अकरापैकी दहा सामने जिंकले, मग बचाव ढासळला. डिसेंबरात चाली सांगण्याचे काम देसाईंकडून काढून घेतले गेले. त्याच वर्षी स्वतः फँजियो मायामीत होते आणि तिथून ते निघाले, तेव्हा काही खेळाडूंनी आपली नाराजी लपवली नाही. २०२४ मध्ये फँजियो फिलाडेल्फियात आले. तोच संघ, जवळपास तोच विचार, आणि बचाव यार्डांच्या क्रमवारीत थेट पहिला. मात्र क्विनयन मिचेल आणि कूपर डिजीन हे दोन नवे, विलक्षण तयारीचे तरुण खेळाडू मागच्या फळीत त्याच वर्षी आले होते, आणि झॅक बॉन या फारशा न गाजलेल्या लाइनबॅकरला फँजियो यांनी मध्यभागी आणून उभे केले होते. पहिले श्रेय निवड करणाऱ्यांचे, दुसरे निर्विवाद सूत्रधाराचे.

९ फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये समोर कॅन्सस सिटी चीफ्स आणि त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स होते. ईगल्सच्या बचावाने संपूर्ण सामन्यात एकदाही ब्लिट्झ केला नाही. चौघांनीच दडपण आणले, सात जण मागे राहिले आणि महोम्सला सहा वेळा पाडले. तिसऱ्या सत्राच्या अखेरीस चीफ्सना पहिले गुण मिळाले, तेव्हा फलकावर ईगल्सचे ३४ होते. सामना ४०–२२ असा संपला.